चार भाग इमारत, चार भाग बॉण्ड आणि एक खड्डा

माझ्या मोबाइलच्या पडद्यावर उणे चिन्ह दीड मिलिमीटर लांब दिसतं. पट्टी लावून मोजलं आहे. तोटा शंभराचा असो की लाखाचा, रेघ तेवढीच राहते; फक्त तिच्या उजवीकडचे आकडे वाढत जातात. एवढ्याशा आडव्या रेघेने माणसाची भूक का जावी, याचं शास्त्रीय कारण मला सापडलेलं नाही. पण त्या सोमवारी सकाळी माझ्यासमोर तांदळाची भाकरी थंड होत होती आणि मी रेघ मोजत बसले होते, एवढं निरीक्षण नोंदवून ठेवते.

मी औषधांच्या कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. गोळीत जे असल्याचं लेबल सांगतं ते खरंच तेवढं आहे का, हे पाहायचं काम. निवृत्त झाल्यावर जी रक्कम हातात आली, तिचंही मी त्याच सवयीने मिश्रण केलं. चार भाग मालमत्ता ट्रस्ट, चार भाग सरकारी बॉण्ड, दोन भाग रोकड. मालमत्ता ट्रस्ट म्हणजे हजारो लोकांनी पैसे एकत्र करून ऑफिसांच्या मोठमोठ्या इमारती घ्यायच्या आणि भाडं वाटून घ्यायचं. त्याचे युनिट शेअरसारखे बाजारात मिळतात. बॉण्ड म्हणजे सरकारला दिलेलं कर्ज. रोकड कुणाला समजावून सांगावी लागत नाही, फक्त कुणाच्या नजरेस पडू द्यायची नसते.

नियम एकच ठेवला होता. मिश्रण बिघडलं की पुन्हा प्रमाणात आणायचं. जे वाढलंय त्यातलं थोडं विकायचं आणि जे पडलंय ते थोडं घ्यायचं. हा नियम मी बाजार शांत असताना केला. ॲसिड सांडल्यावर काय करायचं ते सांडायच्या आधी ठरवतात. सांडल्यावर माणूस फक्त ओरडतो.

आता यात पणाला काय होतं, तेही सांगायला हवं. आमच्या गावात, सांडोरला, वडिलांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या माझ्या. पुढचं घर आणि वाडी धाकट्या भावाची, ॲन्सेल्मची. लग्न न केलेल्या बहिणीला आमच्याकडे प्रेमाने सांभाळतात, याबद्दल तक्रार नाही; पण सांभाळणाऱ्याला अधूनमधून आठवण करून द्यावीशी वाटते की आपण सांभाळतो आहोत. माझ्या इमारतींचं भाडं आणि बॉण्डचं व्याज यांवर माझं विजेचं बिल, माझा डॉक्टर, माझी मासळी आणि माझं मत चालत होतं. यातली शेवटची वस्तू सगळ्यांत महाग पडते.

तर बाजार पडला. ट्रस्टचे युनिट जास्तच पडले, बॉण्ड किंचित वर गेले, आणि चाराचे जेमतेम तीन भाग उरले. नियमानुसार बॉण्ड थोडे विकून युनिट घ्यायचे. दहा मिनिटांचं काम. मी ॲप उघडलं. ॲपने लिहिलं, ‘आपल्या ओळखीची पुन्हा पडताळणी आवश्यक आहे.’

ही पडताळणी व्हिडिओवरून होते. समोर एक अधिकारी दिसतो, तो आपल्याला डोळे मिचकावायला सांगतो. अटी तीन: नेटवर्क चांगलं हवं, मागची पार्श्वभूमी साधी हवी आणि चौकटीत दुसरी व्यक्ती नको. ज्याने या अटी केल्या तो सांडोरमध्ये कधी राहिलेला नाही.

माझ्या खोल्यांत नेटवर्क येत नाही. ते येतं विहिरीच्या काठावर. पहिल्या दिवशी मी तिथे बसले, अधिकारी प्रकट झाला, म्हणाला, “मॅडम, कार्ड चेहऱ्याजवळ धरा.” मी कार्ड धरलं आणि उजवीकडून एक हात आला. हातात बशी होती आणि बशीत सुकेळी, म्हणजे आमच्याकडची उन्हात वाळवलेली केळी.

“डेल्फिनबाय, सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या,” माझी भावजय फ्लॉसी म्हणाली. मग ती पडद्याकडे वाकली. “हा कोण? जेवला का विचार.”

अधिकाऱ्याने पडताळणी रद्द केली. फ्लॉसीला वाईट वाटलं. तिने मला दुपारी आणखी सुकेळी दिली.

दुसऱ्या दिवशी शेजारचे रामनाथ आले. ते सबस्टेशनवर नोकरीला होते आणि जगातली कुठलीही अडचण त्यांना विजेची वाटते. मी डोळे मिचकावत असताना ते माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि पडद्यावरच्या अधिकाऱ्याला नमस्कार करून मला म्हणाले, “मॅडम, सगळं काढून घ्या. फ्यूज उडायच्या आधी मेन स्विच बंद करायचा.”

“मेन बंद केला की घरात अंधार होतो, रामनाथ.”

“अंधार परवडला. शॉक नाही परवडत. सोनं घ्या.”

“सोन्याचं भाडं येतं का?”

“सोनं गळ्यात घालता येतं. तुमची इमारत घालून दाखवा.”

तोवर अधिकारी गेला होता. तिसऱ्या दिवशी कोंबडा आला. कोंबडा ही व्यक्ती आहे का, यावर मी अधिकाऱ्याशी वाद घातला असता, पण तो ओरडला (कोंबडा) आणि आवाजाची पडताळणी बाद झाली.

दरम्यान ॲन्सेल्म रोज संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभा राहू लागला. त्याची योजना जुनी आहे. वाडीत मुंबईच्या लोकांसाठी शनिवार-रविवारची राहायची सोय करायची. खोल्या त्याने बांधल्या होत्या, झोपाळा टांगला होता, फक्त पोहण्याचा तलाव नव्हता.

“बाय, फोन आला की पहिला प्रश्न हाच. पूल आहे का? नाही म्हटलं की फोन कट,” तो म्हणायचा. “तुझे पैसे तिकडे काचेच्या इमारतीत पडून आहेत. इथे टाक. डोळ्यासमोर राहतील.”

दर वेळी मी म्हणायचे, “बघू.”

माझ्या हिशेबाने ‘बघू’ हा सभ्य नकार आहे. ॲन्सेल्मच्या हिशेबाने तो संथ होकार होता. त्यामुळे बाजार पडायच्या आधीच, पावसाळा सरल्यावर, त्याने विहिरीशेजारच्या राजेळी केळीच्या दोन ओळी काढल्या, जेसीबी बोलावला आणि खड्डा खणून घेतला. मी बाहेर आले तेव्हा जेसीबीवाला चहा पीत होता आणि खड्ड्यात पहिला बेडूक दाखल झाला होता.

“हे काय?” मी विचारलं.

“तूच म्हणालीस ना बघू,” ॲन्सेल्म म्हणाला. “आता बघ.”

तेव्हापासून खड्डा तिथेच होता, माझ्या पैशांची वाट बघत. आणि बाजार पडायला लागल्यापासून ॲन्सेल्मचा स्वर फार मऊ झाला होता. बहिणीचा तोटा व्हावा असं त्याला वाटत नव्हतं, हे मी खात्रीने सांगते. पण तोटा होतोच आहे तर तो आपल्या वाडीत व्हावा, असं त्याचं मत होतं.

सगळ्यांत ठाम मत मात्र पुतळाबाईचं निघालं. पुतळाबाई आमच्या दारावर भाजी घेऊन येतात, पण थांबतात मुख्यतः चौकशीसाठी.

“इमारत घेतली ती बघून घेतली का?” त्यांनी विचारलं.

“त्यात बघायचं काय? कागदपत्रं वाचली सगळी. भाडेकरू कोण, करार किती वर्षांचे...”

“पानी कसं हाय तिकडचं?”

साडेतीनशे पानांच्या माहितीपत्रात पाण्याचा उल्लेख एका तळटीपेत होता.

“आमी जागा घेतो तर आधी विहीर चाखतो,” पुतळाबाई म्हणाल्या. “खारं लागलं तर शेठ फुकट देईल तरी नको. आनि तू शिकलेली बाई, न चाखता घेतलीस?”

हे फ्लॉसीने ऐकलं, फ्लॉसीकडून ॲन्सेल्मने, ॲन्सेल्मकडून रामनाथांनी. आमच्या पट्ट्यात जमीन बघायला एकटं जात नाहीत. एकाला माती कळते, एकाला शेजार कळतो, एकजण नुसता भाव पाडायला असतो. रात्रीच्या जेवणाआधी गाडी ठरली होती. ‘ही जमीन नाही,’ असं मी दोनदा सांगितलं. ‘मग काय हवेत आहे?’ असं मला दोनदा विचारण्यात आलं. शेवटी मी विचार केला, नमुना न तपासता निष्कर्ष काढू नये, हे मीच आयुष्यभर इतरांना सांगत आले.

माझ्या ट्रस्टच्या मालकीची एक इमारत ऐरोलीच्या बाजूला आहे. रामनाथांची ईको गाडी घोडबंदर रोडवर शिरली आणि तिथेच राहिली. कंटेनरच्या मागे उभं असताना मी मोबाइल पाहिला. रेघ दीड मिलिमीटर. उजवीकडचा एक आकडा वाढलेला.

“अजून पडलं?” पुढच्या सीटवरून ॲन्सेल्मने मऊ स्वरात विचारलं.

“समोर बघ.”

“समोर कंटेनरच आहे, बाय. तुझ्या युनिटसारखा. हलत नाही.”

इमारत मात्र देखणी होती. काचेची, निळसर, आणि इतकी उंच की पुतळाबाईंनी पदर सावरून वर पाहिलं. मला, कबूल करते, थोडा अभिमान वाटला. माझ्या वाट्याला त्यातली किती जागा येते याचा हिशेब मी येताना केला होता. साधारण एका पायपुसण्याएवढी. पण पायपुसणं दारातच असतं.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने आम्हाला अडवलं. “किससे मिलना है?”

“मिलना नहीं है,” रामनाथ म्हणाले. “मालकीन आयी है.”

पहारेकऱ्याने आम्हा पाचजणांकडे पाहिलं, मग आमच्या मागे मोटार आहे का ते पाहिलं. मी छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि शक्य तितकी मालकिणीसारखी उभी राहिले. तो म्हणाला, “आंटी, जरा साइड में. साहब लोग का गाडी आ रहा है.”

माझ्या इमारतीच्या दारात मी बाजूला झाले.

फ्लॉसीने सुकेळीचं पुडकं पुढे केलं. मग पहारेकऱ्याने नोंदणीचा संगणक आमच्याकडे वळवला; ‘किससे मिलना है’ या रकान्यात रामनाथांनी ‘स्वतःला’ असं लिहिलं, आणि का कोण जाणे, संगणकाने ते मान्य केलं. आम्हाला फक्त तळमजल्यावर जायची परवानगी मिळाली. तेवढं पुरे होतं. पाच मिनिटांत प्रत्येकाने आपापला विभाग वाटून घेतला. फ्लॉसी स्वच्छतागृह पाहून आली आणि म्हणाली, “संडास चकाचक आहे, बाय. ठेव ही इमारत.” रामनाथ विजेच्या पॅनेलजवळ उभे राहून मान हलवत होते. पुतळाबाई मागच्या फाटकापर्यंत गेल्या आणि दोन टँकर आत शिरताना बघून आल्या.

“पानी इकत घेते तुझी इमारत,” त्यांनी जाहीर केलं.

आणि ॲन्सेल्म? ॲन्सेल्म लॉबीच्या मधोमध उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर, लहानपणी चर्चमध्ये त्याच्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी मी पाहिला होता तसा प्रकाश होता. समोर संगमरवरी काठाचं, निळ्या टाइलचं, घोटाभर पाण्याचं शोभेचं तळं होतं.

“बाय,” तो हळूच म्हणाला, “यांनीपण पूल बांधलाय.”

“ते शोभेचं आहे.”

“तुझ्याच पैशाने बांधलाय. परक्यांना पूल बांधून दिलास तू. आणि सख्ख्या भावाला बघू.”

तोवर पुतळाबाईंनी चपला काढून त्या तळ्यात पाय धुवायला घेतले होते. पहारेकरी धावत आला. पुतळाबाईंनी पाण्याचा एक थेंब जिभेला लावला, थुंकल्या आणि म्हणाल्या, “औषध मारलंय.” आम्हाला बाहेर काढण्यात आलं. माझ्याच मालकीच्या दारातून मला बाहेर काढताना पहारेकऱ्याच्या खिशात आमची सुकेळी होती. त्याचं मला जास्त लागलं.

रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात लोक माझ्याजवळ येऊन आवाज खाली करून बोलू लागले. “ऐकलं. टँकरवर आहे म्हणे.” एका बाईने माझा हात हातात घेतला. फादर म्हणाले, “प्रार्थनेत आठवण ठेवीन.” कोणाची ते त्यांनी सांगितलं नाही, बहुधा इमारतीची. मी शांतपणे आभार मानले. पाण्याची माहिती काही चुकीची नव्हती, म्हणून टँकरचे पैसे मी इमारतीच्या खर्चात धरले आणि पुन्हा हिशेब केला. भाडेकरू तेच, करार तेच, भाडं तेच. पडली होती ती फक्त किंमत. आणि किंमत पडली म्हणून तर नियम होता.

सोमवारी सकाळी लवकर मला नेटवर्कची जागा सापडली. ती खड्ड्यात होती. राजेळीच्या ओळी गेल्यामुळे वर मोकळं आकाश, भोवती कापलेल्या मातीची सपाट, साधी भिंत, आणि शिडीशिवाय कुणालाही, कोंबड्यालासुद्धा, आत येता येत नाही. मी शिडी उतरले आणि ती आतून काढून घेतली.

“मॅडम, पार्श्वभूमी उत्तम आहे,” अधिकारी म्हणाला. “आपण कुठे आहात?”

“पोहण्याच्या तलावात.”

त्याने क्षणभर विचार केला आणि पडताळणी मंजूर केली. ॲन्सेल्मच्या तलावाने आजवर केलेलं हे एकमेव काम, आणि ते चोख होतं.

बाजार उघडल्यावर मी पुन्हा ॲपमध्ये गेले. पासवर्ड एकदा चुकला, दुसऱ्यांदाही चुकला, तिसऱ्यांदा बोट ओलसर होतं. खातं कुलूपबंद झालं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की घाई असेल तर फोनवरून तोंडी सौदा करता येईल. संभाषण ध्वनिमुद्रित केलं जाईल.

तोंडी म्हणजे बोलून. प्रयोगशाळेत कुणी ओरडत नाही. माझा आवाज तिथेच घडला आणि तेवढाच राहिला. शिवाय वर पायांचा आवाज आला. ॲन्सेल्म कंत्राटदाराला घेऊन आला होता. मितेश त्याचं नाव. हातात निळ्या टाइलचे नमुने. त्यांच्यामागे टाइलचा रंग ठरवायला फ्लॉसी, रामनाथ आणि भाजीची टोपली घेतलेल्या पुतळाबाई.

“बाय, तू खाली काय करतेस?” ॲन्सेल्मने विचारलं. मग त्याचा चेहरा उजळला. “मापं घेतेस?”

फोन लागला होता. “गुड मॉर्निंग मॅडम, मी दिपिका बोलतेय. काय ऑर्डर आहे?”

मी सांगितलं.

“मॅडम, आवाज येत नाहीये. जरा मोठ्याने बोलाल?”

मी थोडं मोठ्याने सांगितलं.

“अजून मोठ्याने, मॅडम. स्पष्ट रेकॉर्ड व्हायला पाहिजे.”

वर मितेश म्हणाला, “अंकल, हा आकाशी घ्या, पाणी खोल दिसतं.” ॲन्सेल्म म्हणाला, “बायला विचारू. पैसे तिचे आहेत.” आणि पाचही चेहरे खड्ड्याच्या काठावरून खाली झुकले. मला दिसत होतं की आता मी काहीही बोलले नाही, किंवा तो नेहमीचा शब्द बोलले, तर संध्याकाळपर्यंत खाली सिमेंट पडलेलं असेल. मग मी माझ्या खोल्यांत बसून, डोळ्यासमोर राहिलेले माझे पैसे, कुणीतरी पोहत असताना बघेन.

मी मातीच्या भिंतीकडे तोंड केलं आणि छाती भरून श्वास घेतला. चार बाजूंनी बंद जागेत आवाज परतून मोठा होतो, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. स्वतःच्या आवाजावर करून कधी पाहिलं नव्हतं.

“सरकारी बॉण्ड विका,” मी म्हणाले, आणि खड्डा माझ्याबरोबर म्हणाला. विहिरीवरचे कावळे उडाले.

“आता छान येतंय, मॅडम! किती?”

मी किती ते सांगितलं. त्या पैशांत कुठल्या ट्रस्टचे किती युनिट घ्यायचे तेही सांगितलं. “रोकड आहे तशी राहू द्या.” वर फ्लॉसीच्या तोंडून “देवा” एवढंच आलं.

“पडत्या बाजारात?” रामनाथ कळवळून म्हणाले. “मॅडम, मेन स्विच!”

“आनि पानी?” पुतळाबाई.

“टँकरने येईल,” मी वर न बघता म्हणाले. “भाड्यातून वजा करून पाहिलंय.”

“मॅडम, तुमच्याबरोबर कुणी आहे का?” दिपिकाचा आवाज सावध झाला. “ज्येष्ठ नागरिकांना आम्हाला एक प्रश्न विचारावा लागतो. हा निर्णय तुम्ही कुणाच्या दबावाखाली तर घेत नाही ना?”

मी वर पाहिलं. ॲन्सेल्मच्या हातात आकाशी टाइल होती. तो लहानपणी पतंग धरून असाच उभा राहायचा, मी मांजा सोडेन म्हणून.

“दबाव आहे,” मी म्हणाले. “पण तो उलट दिशेने आहे.”

“सॉरी, मॅडम? हो किंवा नाही असंच सांगावं लागेल. रेकॉर्ड होतंय.”

मी फोन तोंडाजवळ धरला.

“नाही,” मी म्हणाले. खड्ड्याने ते चारही भिंतींवर नेलं आणि परत आणलं, जणू पक्कं करण्यासाठी. “कुणाचाही दबाव नाही. बॉण्ड विका, युनिट घ्या. आणि ॲन्सेल्म, तलावाला मी पैसे देणार नाही. आज नाही, नंतरही नाही.”



“मॅडम,” दिपिका म्हणाली, “ती शेवटची सूचना आमच्या सिस्टीममध्ये घेता येत नाही. पण बाकीचं कन्फर्म करू?”

“दोन्ही,” मी म्हणाले. “कन्फर्म.”